माग आपला, कापड दुसऱ्याचं: भिवंडीचा खरा प्रश्न काय आहे?

कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंड. या उपनगरांतून जाणाऱ्या लाल बहादूर शास्त्री मार्गाला जुनी माणसं आजही 'आग्रा रोड' म्हणतात. एके काळी या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कारखान्यांच्या भिंती होत्या. सकाळी भोंगा वाजायचा आणि पाळी बदलायची. आज त्यातल्या बऱ्याच जागांवर मॉल आणि टॉवर उभे आहेत. कारखाने गेले, पण उपनगरं काही ओस पडली नाहीत, कारण त्यांचं पोट एका धंद्यावर नव्हतं. एक बंद पडला तर माणूस लोकल पकडून दुसरीकडे कामाला गेला.

याच रस्त्याने पुढे जा. मुलुंड चेकनाका ओलांडा, ठाणं मागे टाका, कशेळीची खाडी पार करा. तासाभरात आपण अशा शहरात पोहोचतो जिथे ही सोय नव्हती. भिवंडी. 2011 च्या जनगणनेत सात लाखांहून अधिक लोकसंख्या असलेलं हे शहर दोन-तीन पिढ्या एकाच यंत्रावर जगलं. ते यंत्र म्हणजे यंत्रमाग, सगळ्यांच्या तोंडचा पॉवरलूम. चहावाला, बिस्सी चालवणारी बाई, लोहार, रिक्षावाला, किराणा दुकानदार, शाळेची फी, मशिदीची वर्गणी, मुलीचं लग्न, सगळं मागाच्या खडखडाटावर अवलंबून. माग चालला तर शहर चाललं.

गेली काही वर्षं हे माग भंगारात जात आहेत, किलोच्या भावाने. ज्या शेडमध्ये माग होते तिथे आता कुठे गोदाम आहे, कुठे इमारत. यावर जी चर्चा होते तिचा सूर ठरलेला असतो. 'जुनी यंत्रं होती, काळाबरोबर बदलली नाहीत, म्हणून मेली.' हे अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं समजून घेतलं नाही तर भिवंडीच्या जागी जे उभं राहतंय, त्याचंही उद्या तेच होईल.

हे शहर उभं राहिलं कसं?

1857 नंतर उत्तर हिंदुस्थानातून, आजच्या पूर्व उत्तर प्रदेशातल्या विणकर वस्त्यांतून, मोमिन-अन्सारी कुटुंबं दक्षिणेकडे सरकली. रस्ता हाच, आग्रा रोड. काही जण मालेगावला थांबले, काही भिवंडीपर्यंत आले. इथे आधीपासून कोकणी मुसलमान होते, आगरी आणि कुणबी शेतकरी होते, कामवारी नदीचं पाणी होतं आणि मुंबईचा बाजार हाकेच्या अंतरावर होता. पुढे तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, त्यांचं पद्मानगर आजही आहे. सुरुवातीला हातमाग होते. 1930 च्या आसपास वीज आली तसे यंत्रमाग लागू लागले. त्यातले कितीतरी मुंबईच्या गिरण्यांनी काढून टाकलेले होते. गिरणीने टाकलेला माग भिवंडीत पुन्हा उभा राहायचा आणि पुढची तीस-चाळीस वर्षं चालायचा.

खरी भरभराट झाली ती गिरण्यांच्या पडत्या काळात. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संपाच्या आधीच गिरणीमालक बाहेरून स्वस्तात कापड विणून घेऊ लागले होते. संपाने तो ओघ मोठा झाला. भिवंडीत विणलेल्या कापडावर गिरणीचा शिक्का बसायचा आणि ते गिरणीचं म्हणून विकलं जायचं. 1985 च्या वस्त्रोद्योग धोरणाने गिरणी आणि यंत्रमाग यांच्यातला सरकारी भेदही काढून टाकला. गिरणगाव मोडत होतं, तेव्हा भिवंडीत नवीन शेड पडत होत्या. देशातल्या यंत्रमागांपैकी जवळपास निम्मे महाराष्ट्रात आले, आणि महाराष्ट्रातले सगळ्यात जास्त भिवंडीत.

इथे एक गोष्ट नीट बघायला हवी. गिरणीचं काम भिवंडीत आलं. गिरणी आली नाही. गिरणीत कापसापासून छापील कापडापर्यंत सगळं एका छताखाली व्हायचं. हजेरीपट होता, भविष्यनिर्वाह निधी होता, युनियन होती. भिवंडीत आला तो मधला एक तुकडा, फक्त विणकाम. सूत दुसऱ्याचं, कापड दुसऱ्याचं, बाजार दुसऱ्याचा.

एका पैशाचा हिशेब

भिवंडीतला लहान मागमालक म्हणजे कारखानदार, अशी बाहेरच्या माणसाची समजूत असते. प्रत्यक्षात बहुतेक जण मजुरीवर काम करतात. काळबादेवीचा किंवा भिवंडीतलाच व्यापारी सूत देतो. सायझिंगमध्ये त्या सुताला खळ लागते, बीम भरून शेडवर येतं. मालक कापड विणून देतो आणि कोरं कापड, म्हणजे ग्रे, व्यापाऱ्याकडे परत जातं. ते पुढे रंगाई-छपाईला बालोत्रा, पाली, अहमदाबाद अशा ठिकाणी जातं आणि तयार होऊन बाजारात येतं. आपल्या साकीनाक्याच्या, कुर्ल्याच्या, गोवंडीच्या शिलाई कारखान्यांत शर्टाला आणि अस्तराला जे कापड लागतं, त्यातलं बरंच या वाटेने फिरून आलेलं असतं. इचलकरंजीत अशा मजुरीवर विणणाऱ्या मालकाला 'खर्चीवाला' म्हणतात. शब्द चपखल आहे.

मजुरी ठरते 'पिक'वर. धोटा एकदा या टोकापासून त्या टोकाला गेला की एक पिक. आता उदाहरणादाखल हिशेब मांडू. समजा एकाचे 24 साधे माग आहेत. कापड 52 पिकचं, म्हणजे इंचात 52 आडवे धागे. मजुरी समजा पिकला 6 पैसे धरली. म्हणजे मीटरला 3 रुपये 12 पैसे. माग मिनिटाला साधारण 120 पिक मारतो. धागा तुटणं, कांडी बदलणं, वीज जाणं हे सगळं धरून बाराबारा तासांच्या दोन पाळ्यांत एका मागावर सुमारे 67 मीटर कापड पडतं. चोवीस मागांचं झालं साधारण 1,600 मीटर, आणि दिवसाची मजुरी 5,000 रुपयांच्या आसपास.

या पाच हजारांत दोन्ही पाळ्यांच्या विणकरांची मजुरी, कांडीवाला, मुकादम, विजेचं बिल, शेडचं भाडं, तेल आणि सुटे भाग. उरेल ते मालकाचं.

आता बाजार थंड पडला आणि व्यापारी म्हणाला, 'पिकला एक पैसा कमी घ्या.' एक पैसा. मीटरला 52 पैसे गेले, दिवसाला आठशेहून जास्त, महिन्याच्या पंचवीस दिवसांत वीस हजारांच्या वर. हा फटका कुठून काढणार? वीज कंपनी कमी घेणार नाही, शेडमालक कमी घेणार नाही. मग तो निघतो विणकराच्या मजुरीतून, दुरुस्तीतून आणि घरच्या ताटातून. सहा-आठ माग एकटा सांभाळणारा उत्तर प्रदेश-बिहारचा विणकर बारा तास उभा राहतो तो याच एका पैशाच्या दबावाखाली.

सूत महागलं तर व्यापारी थांबतो, माग बंद. सूत पडलं तरी व्यापारी थांबतो, कारण उद्या आणखी पडेल. भाव चढो की उतरो, मागमालकाच्या हातात काहीच नाही. त्याचा माल गोदामात पडून नाही, कारण त्याचा मालच नाही. भाव वाढेपर्यंत कापड धरून ठेवायची सोय त्याला नाही. भिवंडीचा मूळ प्रश्न हा आहे. यंत्राचं वय त्यानंतर येतं.

आठ महिन्यांत तीन घोषणा

अलीकडच्या इतिहासातल्या तीन तारखा शेजारी ठेवून बघा. 8 नोव्हेंबर 2016 ला नोटबंदी झाली. ज्या शहरात विणकराचा पगार रोखीत होतो, तिथे माग थांबले आणि माणसं गावाला गेली. 1 एप्रिल 2017 ला केंद्र सरकारने 'पॉवरटेक्स इंडिया' ही यंत्रमागांसाठीची मोठी योजना जाहीर केली, आणि तिचा मुख्य कार्यक्रम भिवंडीतच झाला. 1 जुलै 2017 ला जीएसटी लागू झाला.

जीएसटीतली मेख अशी होती की कृत्रिम सुतावर सुरुवातीला 18 टक्के कर आणि विणलेल्या कापडावर 5 टक्के. म्हणजे कच्च्या मालावर जास्त, तयार मालावर कमी. मधला अडकलेला पैसा परत मिळायची सोय कापडाला सुरुवातीला नव्हती. सुतावरचा कर नंतर 12 टक्के झाला, परताव्याची वाट ऑगस्ट 2018 पासून उघडली. आणि सुताचा कर कापडाच्या बरोबरीने 5 टक्क्यांवर यायला 22 सप्टेंबर 2025 उजाडावं लागलं. आठ वर्षं. ज्याच्याकडे भांडवल आहे तो आठ वर्षं पैसा अडकवून ठेवू शकतो. स्वतःचं सूत घेऊन स्वतःचं कापड विकायची हिंमत करणाऱ्या लहान मालकाला मात्र या कराने पुन्हा मजुरीकडे ढकललं.

मग 2020 आलं. टाळेबंदीत नाशिक महामार्गावरून चालत निघालेले विणकर आपण सगळ्यांनी पाहिले. मेच्या सुरुवातीला भिवंडी रोड स्टेशनातून गोरखपूरला श्रमिक गाडी सुटली. त्याच वर्षी 21 सप्टेंबरला पहाटे धामणकर नाक्याजवळ पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत कोसळली आणि पस्तीसहून अधिक जीव गेले. इमारत 1984 च्या सुमाराची होती. एकाच धंद्यावर वाढलेल्या शहरात पैसा आला तेव्हा तो मागाला लागला. घरं, गटारं, रस्ते यांना तो लागलाच नाही, हे त्या ढिगाऱ्याने दाखवलं.

योजना कुणाच्या दारातून जाते?

सरकारने काही केलंच नाही, असं म्हणणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. 1999 पासून तंत्रज्ञान सुधारणा निधी योजना होती, नवीन माग घेण्यासाठी कर्जावरच्या व्याजात सवलत मिळायची. राज्य सरकार विजेत सवलत देतं. 2024 मध्ये 27 अश्वशक्तीपेक्षा कमी जोडभाराच्या यंत्रमागांना युनिटमागे आणखी 1 रुपया आणि त्यावरच्यांना 75 पैसे अशी जादा सवलत जाहीर झाली. साध्या मागाला साधारण एक अश्वशक्तीची मोटर लागते, म्हणजे आपल्या उदाहरणातला 24 मागवाला पहिल्या गटात बसतो.

पण सवलत आली की अट येते. ऑनलाइन नोंदणी, कागदपत्रं. भाड्याच्या शेडमध्ये दुसऱ्याच्या नावाच्या मीटरवर माग चालवणारा माणूस कोणता कागद दाखवणार? नोंदणीची अट शिथिल करा, ही मागमालकांच्या संघटनांची मागणी त्यातूनच आली. आणि तंत्रज्ञान सुधारणेचा पैसा बँकेच्या दारातूनच यायचा. ज्याच्या नावावर सुताची खरेदी नाही, कापडाची विक्री नाही, फक्त मजुरीची पावती आहे आणि तीही कधी असते कधी नसते, त्याला बँक कोणत्या ताळेबंदावर कर्ज देणार?

सच्चर समितीने 2006 मध्येच लिहून ठेवलं होतं की मुस्लिमांना बँकांकडून मिळणाऱ्या कर्जाचं प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने फार कमी आहे आणि काही भाग तर बँका नकोसे म्हणून बाजूला टाकतात. त्यात सावध राहण्याचं एक कारण आपलंही आहे, व्याजाचं कर्ज नको ही अनेकांची भूमिका. तिचा आदर आहे. पण त्याला पर्याय म्हणून बिरादरीने काय उभं केलं, हा प्रश्न उरतोच. सुरतमध्ये व्यापार आणि हिऱ्यांतून आलेलं भांडवल वॉटरजेट आणि रॅपियर मागांत गेलं, जे साध्या मागाच्या तिप्पट-चौपट आणि त्याहूनही वेगाने विणतात. भिवंडीत तशा मागांच्या शेड आहेत, पण त्या मोजक्यांच्या. बाकीच्यांनी तोच धोटा, तीच कांडी.

इचलकरंजीचं उदाहरण म्हणूनच महत्त्वाचं आहे. तिथे पहिला यंत्रमाग 1904 मध्ये विठ्ठलराव दातारांनी लावला. पुढे दत्ताजीराव कदमांसारख्या माणसांनी सहकारी सूतगिरणी उभी केली, सहकारी बँका झाल्या, सायझिंग आणि प्रोसेसिंग शहरातच आलं. खर्चीवाले तिथेही आहेत, मंदी तिथेही आहे, माग तिथेही भंगारात गेले. तरी सूत आणि पैसा या दोन गोष्टींचा काही भाग शहराने स्वतःच्या हातात ठेवला. माग तोच, कापड जवळजवळ तेच, फरक त्याच्या आजूबाजूला काय उभं केलं त्याचा आहे.

दंगल आणि धंदा

भिवंडीचं नाव निघालं की अजूनही काही लोकांना 1970 आणि 1984 आठवतं. दोन्ही दंगलींनी शहर होरपळलं. पहिल्या दंगलीवर न्यायमूर्ती मादन आयोगाचा अहवाल आला. दुसऱ्या वेळी माणसं गेली, घरं आणि मागही जळाले. पण 1992-93 मध्ये मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली, हे तेवढ्याच जोरात सांगितलं जात नाही. 1988 पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी गल्लोगल्ली मोहल्ला कमिट्या बांधल्या होत्या. त्यात दोन्ही समाजांची साधी माणसं होती. त्या कामाचं श्रेय त्यांना आणि त्या माणसांना आहे.

त्याला धंद्याची बाजूही होती. व्यापारी गुजराती किंवा मारवाडी, मागमालक अन्सारी किंवा पद्मशाली, विणकर पूर्वांचलचा हिंदू किंवा मुसलमान, जमीन आगऱ्याची किंवा कोकणी मुसलमानाची. एक बीम भरायला इतक्या हातांची गरज लागते. दंगल झाली तर सगळ्यांची पाळी बुडते, हे 1984 नंतर प्रत्येकाला कळलं होतं. मागाचा प्रश्न हा 'मुसलमानांचा प्रश्न' म्हणून एका कोपऱ्यात ठेवणं म्हणूनच चुकीचं आहे. आणि माग गेले तर माणसांना एकमेकांशी बांधून ठेवणारं काय उरेल, हा प्रश्न सगळ्या शहराचा आहे.

आता गोदामं

उत्तर म्हणून आज गोदामांकडे बोट दाखवलं जातं. काल्हेर, पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडे, माणकोली, सोनाळे, पडघा. भिवंडी तालुक्यातल्या या गावांत देशातल्या सगळ्यात मोठ्या गोदाम-पट्ट्यांपैकी एक उभा आहे. याची मुळं मुलुंड चेकनाक्यात आहेत. मुंबईत माल आणायचा तर नाक्यावर जकात भरावी लागायची आणि ट्रकच्या रांगा लागायच्या. म्हणून व्यापाऱ्यांनी हद्दीबाहेर, स्वस्त जमिनीवर माल ठेवायला सुरुवात केली. 1 जुलै 2017 ला जकात गेली, पण गोदामं गेली नाहीत. उलट ऑनलाइन खरेदीने ती वाढली. आज मुलुंड-घाटकोपरच्या सोसायटीत सकाळी येणारं पार्सल बहुधा रात्री भिवंडीतून निघालेलं असतं.

रोजगार आला, हे खरं. ज्याने बारावी केली त्या मुलाला बारा तास मागावर उभं राहायचं नाही, आणि त्यात काही चूक नाही. पॅकिंगच्या कामात मुलीही दिसतात, ज्यांना मागाच्या शेडमध्ये कधी जागा नव्हती. या बदलाचं स्वागतच करायला हवं.

पण रचना बघा. माल कंपनीचा, गोदाम बिल्डरचं, गाडी ट्रान्सपोर्टरची, कामगार ठेकेदाराचा. मागवाल्याकडे निदान माग तरी होता, विकला तर भंगाराचे पैसे आले. गोदामातल्या मुलाकडे गळ्यातलं ओळखपत्र आहे, आणि तेही ठेका बदलला की बदलतं. सणासुदीला रात्रपाळी, जानेवारीत घरी. जमिनीचे भाव चढले की गोदाम पडघ्याच्या पुढे सरकेल, यंत्र आलं की हात कमी लागतील. हा निर्णय कुठे होईल? भिवंडीत नाही. 1982 मध्ये गिरणीचं काम इथे आलं तेही दुसऱ्याच्या निर्णयाने, आणि गेलं तेही.

ब्रिटनमध्ये लँकशायरचा कापडधंदा बुडू लागला तेव्हा तिथल्या सरकारने 1959 मध्ये कायदा करून जुने माग मोडीत काढण्यासाठी भरपाई दिली. धंदा त्यानेही वाचला नाही. पण माग मोडणारा माणूस रिकाम्या हाताने घरी गेला नाही. आपल्याकडे माग मोडतो तेव्हा त्याचा भाव भंगारवाला ठरवतो.

मग करायचं काय?

मागणी 'माग वाचवा' एवढीच असेल तर ती अपुरी आहे. विचार या दिशेने व्हायला हवा.

पहिली गोष्ट सूत. पॉवरटेक्समध्ये सूत बँकेची तरतूद होती, मागमालकांच्या गटाला सूत खरेदीसाठी दोन कोटींपर्यंत बिनव्याजी निधी. 'बिनव्याजी' हा शब्द पुन्हा वाचा. ज्यांना व्याजाची अडचण आहे त्यांच्यासाठी याहून सोयीचं काय असणार? पण त्यासाठी गट करावा लागतो, नोंदणी करावी लागते, हिशेब उघडा ठेवावा लागतो. वीस-पंचवीस मालकांनी एकत्र येऊन स्वतःचं सूत घेतलं आणि स्वतःच्या नावाने कापड विकलं, तर पिकच्या एका पैशाचा मार थोडा तरी कमी होईल. अशा योजनेची नव्याने मागणी करायची तर ही तरतूद पहिल्या ओळीत हवी. आणि कर्जे हसना देणाऱ्या आपल्या पतसंस्थांनी लग्न-आजारपणाबरोबर धंद्याच्या खेळत्या भांडवलाकडेही बघायला हवं.

दुसरी गोष्ट प्रोसेसिंग. कोरं कापड शेकडो किलोमीटर दूर जाऊन रंगून परत येतं, आणि नफा रंगाईत आणि तयार मालात आहे. पण कामवारी नदीची आजची अवस्था बघता सांडपाणी शुद्धीकरणाची सामायिक सोय असल्याशिवाय रंगाईघरं मागणं म्हणजे एका पिढीची भाकरी दुसऱ्या पिढीच्या पाण्यातून काढणं. दोन्ही मिळूनच मागायला हवं.

तिसरी गोष्ट विणकर. शेड कागदावर दोन-तीन नावांनी तोडायची, म्हणजे कारखाना कायद्याची मर्यादा लागत नाही, ही भिवंडीची जुनी युक्ती. 21 नोव्हेंबर 2025 पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. वीज वापरणाऱ्या ठिकाणी कारखाना ठरण्यासाठी आता 20 कामगारांची मर्यादा आहे. म्हणजे लहान शेड आणखी सहज बाहेर राहतील. पण त्याच संहितांमध्ये कामगाराला नियुक्तीपत्र द्यायची तरतूद आहे. हा एक कागद शेडमध्येही आणि गोदामातही मिळतो का, हे बघणं संघटनांच्या, मोहल्ला कमिट्यांच्या, आपल्या वकील मंडळींच्या हातात आहे. व्यापारी आपल्याला नाडतो म्हणून ओरड करणाऱ्या मालकाने स्वतःच्या विणकराला हजेरीचा कागदही द्यायचा नाही, हे चालणार नाही. अन्याय वरून खाली येतो, आणि मधला माणूस तो पुढे पाठवतो. इथे आपल्यालाही आरशात बघावं लागेल.

चौथी गोष्ट शिक्षण. ज्या घरात तीन पिढ्या माग ओळखतात, तिथल्या मुलाला वस्त्रोद्योगाचा डिप्लोमा, यंत्रदुरुस्ती, डिझाइन, निर्यातीची कागदपत्रं हे शिकायला मिळालं तर तो धंद्याच्या वरच्या पायरीवर उभा राहील. गोदामाच्या बाबतीतही तसंच. स्कॅनर धरणारा हात आणि साठ्याचं नियोजन करणारं डोकं यांच्या पगारात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

उपनगरातल्या आपल्यासारख्यांना वाटेल की हे भिवंडीकरांचं दुखणं आहे. तसं नाही. साकीनाक्याच्या शिलाई कारखान्यातला कारागीर, गोवंडीचा जरीकाम करणारा, कुर्ल्याचा बॅग शिवणारा, सगळे याच गणितात अडकलेले आहेत. मशीन आपलं, माल दुसऱ्याचा, भाव तिसऱ्याचा. फरक इतकाच की इथे एक काम सुटलं तर दुसरं शोधायला लोकल आहे. भिवंडीसाठी ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचे खांब उभे राहत आहेत. मेट्रो आली की तिथला तरुण मुंबईत कामाला येईल आणि संध्याकाळी परत जाईल. ते चांगलंच होईल. पण ज्या शहराने अर्ध्या देशाला कापड पुरवलं, ते शहर फक्त झोपायला घरी जायचं ठिकाण बनावं का?

पुढच्या वेळी एखादा नेता भिवंडीत किंवा मालेगावात येऊन नव्या योजनेची घोषणा करेल, तेव्हा त्याला एवढंच विचारा: या योजनेनंतर कापडाच्या बिलावर नाव कुणाचं असेल? उत्तर जुनंच असेल, तर योजनाही जुनीच आहे.